गजावरच्या दोन खुणा

ल्युथर केपनरला आपण ओळखत होतो, असं म्हणायची क्लाइड बिकलला कधी हिंमत झाली नाही. सत्तावीस वर्षं दोघांची घरं एकाच रस्त्यावर होती, मध्ये फक्त एक मक्याचं शेत. दर वर्षी नाताळानंतरचे अडीच आठवडे दोघं एकाच डोंगरावर, एकाच पडक्या दगडी कुंपणाला टेकून उभे राहिले. तरी ल्युथरला एक धाकटा भाऊ होता आणि तो लहानपणीच ओढ्यात बुडाला, हे क्लाइडला कळलं ते ल्युथरच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये वाटलेल्या कागदावरून.

त्या दिवशी ल्युथरच्या मुलीनं, डार्लीननं, त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. क्लाइड उभा राहिला, टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "तो बंदूक स्वच्छ ठेवायचा." मग खाली बसला. मागच्या बाकांवर थोडं हसू झालं. त्याला आणखी काही सांगायचं होतं असं नाही. त्याला जे ठाऊक होतं ते बहुतेक सगळं त्या बंदुकीपाशीच सुरू होत होतं आणि तिथंच संपत होतं.

बंदूक ठासणीची होती, चकमकीची. पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतरच्या शिकारीच्या हंगामात हरणावर दुसरी बंदूक कायद्यानं चालतच नाही. हा हंगाम सुरू झाला तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी तयार बंदुका घेतल्या. ल्युथरनं सुट्या भागांचा खोका आणला आणि एक अख्खा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर घालवला. बायको, व्हर्ना, तेव्हा होती. जवसाच्या तेलाच्या वासानं पाव खाववत नाही, अशी तिची तक्रार होती. ल्युथर टाउनशिपचा बर्फ सारायचा ट्रक चालवायचा, त्यामुळे त्याला पहाटे उठायची आणि एकट्यानं बसायची सवय होती. अक्रोडाच्या दस्त्यात त्यानं घोड्याची पट्टी अशी बसवली की मध्ये केस शिरणार नाही. पुढे कारखान्यानं ते मॉडेल बंद केलं, सुटे भाग मिळेनासे झाले. ल्युथरनं त्याआधीच घोड्याच्या दोन जादा स्प्रिंगा तंबाखूच्या डबीत घालून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही कधी लागली नाही.

क्लाइड टपाल वाटायचा. त्याचा स्वभाव असा की एखाद्याच्या पेटीत पत्र टाकून पुढे गेला तरी झाकण लावलं ना, हे बघायला परत यायचा. ठासणीची बंदूक भरायला त्याला ल्युथरनंच शिकवलं. शिकवणं म्हणजे काय, तर एकदा करून दाखवलं आणि दुसऱ्यांदा म्हणाला, "आता तू."

आधी गळ्यातल्या पोकळ शिंगातली दारू, मापानं मोजून. मग तेलात भिजवलेली चिंधी. चिंधीवर शिशाची गोळी. गजानं ती दारूपर्यंत ठासायची. शेवटी नळीबाहेरच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे ठिणगीनं आधी पेटणारी बारीक दारू. ल्युथर हे करताना ओठांतल्या ओठांत म्हणायचा, "दारू, चिंधी, गोळी," आणि म्हणत असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. हा एकट्या ल्युथरचा नियम नव्हता, गावच्या सगळ्या शिकारी क्लबचा होता. भरणाऱ्याशी बोलू नये. घराला आग लागली असली तरी आधी त्याची गोळी बसू द्यावी, मग सांगावं.

गजावर ल्युथरनं चाकूनं दोन खुणा कोरल्या होत्या. गज नळीत सोडला आणि वरची खूण नळीच्या तोंडाशी आली, तर बंदूक रिकामी. खालची खूण तोंडाशी आली, तर भरलेली. घरात शिरण्यापूर्वी तो अंगणात उभा राहून गज सोडायचा. रिकाम्या नळीत गजाचं पितळी टोक तळाला लागलं की टणकन आवाज यायचा. मग क्लाइड विचारायचा, "रिकामी?" ल्युथर म्हणायचा, "रिकामी." आवाज दोघांनी ऐकलेला असे, तरी हे बोलणं व्हायचंच.

ल्युथर एकोणऐंशी वर्षांचा झाला त्या वर्षी, नोव्हेंबरात, डार्लीनचा क्लाइडला फोन आला. ती हॅरिसबर्गला राहायची, दोन तासांवर.

"मिस्टर बिकल, तुम्हाला डॅडमध्ये काही फरक वाटतो का?"

"कसला फरक?"

"गेल्या रविवारी मला चार वेळा फोन केला. चारही वेळा एकच विचारलं, नववर्षाच्या जेवणाला डुक्कर मी आणू की तू आणतेस."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी आणते म्हणाले. चारही वेळा." मग ती म्हणाली, "तेच दोनदा विचारलं तर कुणी मरत नाही, मिस्टर बिकल. पण त्या बंदुकीत दोनदा दारू पडली तर नळी तोंडावर फुटते. हे मला डॅडनंच शिकवलंय. मी नऊ वर्षांची होते."

क्लाइडनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही त्याच्याबरोबर असता. तुम्ही बघा. एक तारखेला मी येणारच आहे. बंदूक त्याच्याकडे राहू द्यायची का, मला फक्त हो की नाही सांगा. नाही म्हणालात तर बंदूक गाडीत टाकून घेऊन जाईन. त्याच्याशी भांडणं मी बघते. तुमचं नाव घेणार नाही."

क्लाइडनं बघतो म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण बघतो म्हणायला नको होतं. चष्मा लावूनही आपल्याला धड दिसत नाही, आपण काय बघणार? आणि ती बंदूक गेली तर ल्युथरकडे मग राहिलं काय? व्हर्ना जाऊन सहा वर्षं झाली होती. ट्रक टाउनशिपनं परत घेतला होता. वर्षातल्या पन्नास आठवड्यांत ल्युथर त्या अडीच आठवड्यांची तयारी करायचा.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी क्लबात नेमबाजी असते. हरणाच्या मांसाचं सॉसेज, बिटाच्या रसात मुरवलेली अंडी, आणि पन्नास पावलांवर नेमासाठी लाकडी ठोकळे. आत भिंतीवर एक फळी आहे. तिला सगळे पाद्रीची फळी म्हणतात. दारू घालायची विसरून नुसतीच गोळी ठासली, तर तिला तिथं पाद्रीची गोळी म्हणतात, कारण आत दारूचा थेंब नाही. ज्याच्या हातून होईल त्यानं ती गोळी फळीवर स्वतः ठोकायची आणि खाली नाव लिहायचं. क्लाइडच्या नावाच्या तीन गोळ्या होत्या. गावच्या खऱ्या पाद्रीच्याही दोन होत्या, आणि त्याबद्दल त्याला दर वर्षी ऐकून घ्यावं लागे. ल्युथरचं नाव तिथं कधी लागलं नव्हतं.

ल्युथर भरायला उभा राहिला. क्लाइड जरा बाजूला, बघतोय असं दिसू नये अशा बेतानं बघत होता. ओठ हलत होते. इतक्यात डेनी वर्ट्झ आला. त्याच्याकडे ऑक्टोबरच्या हंगामाची नवी बंदूक होती, दुर्बीण लावलेली, आणि ती कुणी पाहिली नाही तर त्याला करमत नसे.

"काय म्हातारबा, पेटते का अजून ही आजीबाई? का काडी देऊ?"

"डेनी," पाद्री म्हणाला, "भरतोय तो."

"अरे, मी फक्त विचारलं."

ल्युथरनं डेनीकडे पाहिलं, मग हातातल्या मापाकडे पाहिलं. माप रिकामं होतं. त्यानं चिंधी घेतली, गोळी ठेवली, गज दाबला. खालची खूण नळीच्या तोंडाशी थांबली नाही, आत निघून गेली. क्लाइडला ती आत जाताना दिसली. ल्युथरची नजर तिच्यावरच होती, तरी त्यानं गज काढला, रंजक टाकली, नेम धरला आणि चाप ओढला. वाटीत भुस्स झालं, धूर आला. बस.

"पाद्रीची!" डेनी ओरडला. "ल्युथर केपनरची पाद्रीची गोळी! अरे, या रे सगळे!"

लोक धावत आले. ल्युथर खाली बसला, कानातून, म्हणजे नळीच्या बुडाच्या भोकातून, पिननं थोडी बारीक रंजक आत सारली आणि पुन्हा चाप ओढला. फुसकन गोळी बाहेर आली आणि दहा पावलांवर बर्फात पडली. ती त्यानं स्वतः शोधून आणली आणि फळीवर स्वतः ठोकली. बत्तीस वर्षं वाट पाहत होतो तुझी, असं पाद्री त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. ल्युथर म्हणाला, "डेनीचं नावही खाली लिहा. निम्मी त्याची आहे." सगळे हसले. क्लाइडही हसला.

पण त्याच्या डोक्यातून ती खूण जाईना. माप रिकामं कशामुळे होतं, दारू जमिनीवर सांडली होती की काय, हे त्याला ठरवता येईना. आपल्या तीन गोळ्या आहेत, ल्युथरची एक झाली तर काय बिघडलं? डार्लीनला त्यानं फोन केला नाही.

सव्वीस तारखेला सकाळी दोघं डोंगरावर गेले. हेमलॉकच्या झाडांखाली बर्फ घोट्याइतका होता. ल्युथर कुंपणाला टेकला. भरताना क्लाइडनं पाठ फिरवली नाही. दारू, चिंधी, गोळी, सगळं नीट झालं. खालची खूण बरोबर तोंडाशी आली. क्लाइडला हलकं वाटलं. त्याच्या मनात आलं, हो म्हणून सांगावं.

दहाच्या सुमारास वरून चार हरणी उतरल्या. शेवटची थांबली, मान वळवून मागे पाहू लागली. ल्युथरनं घोडा चढवला आणि चाप ओढला. ठिणगी पडली, वाटीतली रंजक पेटली, पांढरा धूर त्याच्या टोपीवरून गेला. आतली दारू पेटली नाही. हरणी उड्या मारत गेल्या.

असं होतं. दमट हवेत कुणाचंही होतं. अशा वेळी नळी समोर धरून मिनिटभर थांबायचं, कान पिननं साफ करायचा, नवी रंजक टाकायची आणि पुन्हा चाप ओढायचा.

ल्युथरनं बंदूक लगेच खाली घेतली आणि दस्ता बर्फात टेकवला.

"लागली का रे?" त्यानं विचारलं.

क्लाइडला वाटलं तो थट्टा करतोय. मग ल्युथरनं शिंगातून माप भरलं. ओठ हलू लागले. "दारू," तो म्हणाला, आणि माप नळीच्या तोंडाशी नेलं.

सत्तावीस वर्षांत क्लाइड भरणाऱ्याशी कधी बोलला नव्हता.

"ल्युथर."

ल्युथरचा हात थांबला. त्यानं चिडून पाहिलं.

"गज सोड," क्लाइड म्हणाला.

"का?"

"सोड तर खरं."

ल्युथरनं माप दगडावर ठेवलं आणि गज नळीत सोडला. टणकन वाजलं नाही. मऊ, बसका आवाज आला आणि गज थांबला. खालची खूण नळीच्या तोंडाशी होती. ल्युथरनं त्या खुणेवर अंगठा ठेवला. वरच्या फांदीवरून थोडा बर्फ त्याच्या बाहीवर पडला, तो त्यानं झटकला नाही.

"मला वाटलं वाजली," तो म्हणाला.

"वाटीत पेटली. धूर झाला. माझंही झालं असतं."

"तुझं झालं असतं, हे खरं," ल्युथर म्हणाला. मग, "सकाळपासून माझ्यावर नजर आहे तुझी. डार्लीननं तुला काय विचारलंय?"

क्लाइडला खोटं बोलता येत नसे. आलं असतं तरी लगेच सुचलं नसतं. "हो की नाही, एवढंच."

"कधीपर्यंत?"

"एक तारखेपर्यंत."

"हं. डुक्कर ती आणतेय ना?"

"आणतेय."

ल्युथरनं पिन काढून कान साफ केला. मग छोटं शिंग, रंजकेचं, क्लाइडच्या हातात दिलं आणि वाटी पुढे केली. क्लाइडनं रंजक टाकली. थोडी बाहेर सांडली. ल्युथरनं समोरच्या बर्फाच्या ढिगात नेम धरला आणि चाप ओढला. या वेळी वाजली, साऱ्या डोंगरावर घुमली. धूर निघून गेल्यावर त्यानं गळ्यातलं मोठं शिंग काढलं. पट्टा टोपीत अडकला, त्यानं टोपी उतरवून पट्टा सोडवला आणि क्लाइडच्या गळ्यात घातला. माप दगडावरून उचललं, त्यातली दारू शिंगात परत ओतली, झाकण घट्ट बसवलं आणि मापही क्लाइडच्या खिशात टाकलं.

"बंदूक माझी," तो म्हणाला. "दारू तुझ्याकडे. आणि तुझ्या घरी, माझ्या नाही. मी मागायला आलो तरी द्यायची नाही."

"आणि तू रागावलास तर?"

"रागावेन. तू देऊ नको."

"मी तर झाकण लावलं की नाही हेही विसरतो, ल्युथर."

"विसरत नाहीस तू. परत जाऊन बघतोस." ल्युथरनं टोपी घातली. "म्हणून तर देतोय."

एक तारखेला ल्युथरच्या स्वयंपाकघरात डार्लीनच्या भांड्यात डुक्कर आणि आंबवलेला कोबी शिजत होता. ल्युथर मागच्या ओसरीत लाकडं आणायला गेला होता. डार्लीननं हात पुसले आणि क्लाइडकडे पाहिलं.

"मग?"

"बंदूक त्याच्याकडे," क्लाइड म्हणाला. "दारू माझ्याकडे. माझ्या घरी. माप मी ओततो."

"म्हणजे हो की नाही?"

"अर्धं अर्धं."

"मिस्टर बिकल, मी अर्धं विचारलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे. पण हे मी ठरवलं नाही. त्यानं ठरवलं. स्वतः काढून दिलं."

डार्लीन भांड्याकडे वळली. पळीनं कोबी उगीचच हलवला. "स्वतः?"

"गळ्यातून काढून."

"काय झालं होतं?"

क्लाइडनं सांगितलं, जे झालं तेवढंच. लागली का रे, असं ल्युथरनं विचारलं होतं, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. ओसरीतून ल्युथर लाकडं घेऊन आला आणि त्यानं भांड्यावरचं झाकण उचललं.

"डुक्कर तू आणलंस का?" त्यानं डार्लीनला विचारलं.

"मी आणलं, डॅड."

"मी आणणार होतो."

"पुढच्या वर्षी तू आण."

बंदूक तिनं नेली नाही. जाताना ती क्लाइडच्या दारात थांबली, आत आली आणि शिंग कुठे ठेवलंय ते बघून गेली. तिनं बघून जाणं बरोबरच होतं. क्लाइडला त्याचं वाईट वाटलं नाही.

हंगामाचे उरलेले दिवस ते रोज गेले, रविवार सोडून. भरताना आता दोघं बोलायचे. क्लाइड माप ओतायचा आणि म्हणायचा, "दारू." ल्युथर चिंधी ठेवायचा, गोळी ठेवायचा, आणि उरलेले दोन शब्द तो म्हणायचा. मग दोघंही वाकून खूण बघायचे. पहिल्या दिवशी दोघांना अवघड वाटलं. नंतर तसंच चालायचं म्हणून चालू राहिलं. डेनी एकदा रस्त्यावर भेटला, क्लाइडच्या गळ्यातलं शिंग बघून म्हणाला, "काय रे क्लाइड, म्हाताऱ्याचा नोकर झालास का?" ल्युथर म्हणाला, "नोकर नाही, तिजोरी." डेनीला ते कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

नऊ जानेवारीला एक हरणी चाळीस पावलांवर आली. बंदूक वाजली, पण गोळी वर गेली.

"वर गेली," ल्युथर म्हणाला.

"वर गेली," क्लाइड म्हणाला.

"नेम वर धरला मी. बंदुकीचा दोष नाही." तो बराच वेळ खूश होता.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बंदूक मातीच्या बांधात उडवून रिकामी केली. ल्युथरच्या अंगणात ल्युथरनं गज सोडला. टणकन वाजलं.

"रिकामी?"

"रिकामी."

बंदूक पुसून, तेल लावून भिंतीवर गेली. शिंग क्लाइडच्या घरी कपाटात गेलं. फेब्रुवारीत बर्फ फार पडला. ल्युथर रोज दुपारी क्लाइडच्या घरासमोर रस्त्याकडेला असलेल्या आपल्या पत्रपेटीपर्यंत चालत यायचा, मक्याच्या शेताच्या कडेनं. क्लाइड कधी खिडकीतून दिसला तर हात करायचा, कधी थांबायचा.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तो पेटीपाशी थांबला. क्लाइड दारातून बाहेर आला. ल्युथरनं पुढे जे विचारलं, ते त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेतून उठला नाही, पण ते त्या वेळी दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"शिंग कोरड्या जागी आहे ना?"

"कपाटात आहे."

"कुठल्या?"

"झोपायच्या खोलीतल्या."

"स्वयंपाकघरातल्यात नको ठेवू. वाफ असते."

"नाही ठेवत."

"झाकण?"

"लावलंय. जाऊन बघतो परत."

"बघ," ल्युथर म्हणाला, आणि पत्रं घेऊन घराकडे वळला.